एमएक्स-१ प्रथिन आणि उंदरांतील इन्फ्लुएन्झा : दहा महिन्यांच्या प्रयोगशाळेतील नोंदी

१२ जून २०२३

आजपासून या नोंदी ठेवत आहे. आमच्याप्रमाणे मर्यादित निधीवर चालणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत हेच काम कुणी हाती घेतले, तर आमचे गेलेले महिने त्यांचे जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू आहे.

प्रश्न थोडक्यात असा. १९६२ मध्ये जाँ लिंडेनमान यांनी ए२जी या वंशाचे उंदीर इन्फ्लुएन्झा-ए विषाणूच्या मारक मात्रेतूनही वाचतात, हे दाखवले. त्याच्या पाच वर्षे आधी, १९५७ मध्ये, आयझॅक्स यांच्यासह इंटरफेरॉनचा (विषाणू शिरल्यावर पेशी इतर पेशींना ज्या प्रथिनातून इशारा देतात, त्याचा) शोध लावणारे ते हेच लिंडेनमान. हा प्रतिकार सोळाव्या गुणसूत्रावरील एकाच प्रभावी जनुकामुळे येतो आणि त्या जनुकापासून बनणारे एमएक्स-१ हे प्रथिन इंटरफेरॉनचा निरोप मिळाल्याशिवाय तयार होत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. जगभरातील प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सी५७ब्लॅक-६ आणि बाल्ब-सी या दोन्ही वंशांत या जनुकाचे नववे ते अकरावे एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेले खंड) गळून गेलेले आहेत. म्हणजे इन्फ्लुएन्झाविरुद्धची प्रतिकारशक्ती आपण ज्या उंदरांत अभ्यासतो, त्यांच्यात या विषाणूविरुद्धचे मुख्य अस्त्रच नसते.

हे अस्त्र असलेल्या आणि नसलेल्या उंदरांत संसर्गानंतरचा प्रतिकार-प्रतिसाद कसा बदलतो, हे आम्हाला मोजायचे आहे. ए२जीचे कार्यक्षम जनुक ब्लॅक-६ पार्श्वभूमीवर आणलेल्या (म्हणजे बाकीची जनुके जवळपास ब्लॅक-६चीच असलेल्या) उंदरांच्या दोन जोड्या एका सहकारी प्रयोगशाळेकडून मिळाल्या आहेत. प्राणी-नीतिमत्ता समिती आणि जैवसुरक्षा समिती या दोघांची मंजुरी हाती यायला साडेतीन महिने लागले. हा काळ वेळापत्रकात आधीच धरून ठेवावा.

५ जुलै २०२३

पीआर-८ (प्वेर्तो रिको, १९३४) हा प्रयोगशाळेत वापरला जाणारा इन्फ्लुएन्झा-ए विषाणू कोंबडीच्या दहा दिवसांच्या, भ्रूण असलेल्या अंड्यांत वाढवला. तीस अंड्यांना सुमारे साडेचार हजार रुपये लागले. गोठवून ठेवलेला जुना साठा जपून वापरण्याऐवजी तो न पातळ करताच प्रत्येक अंड्यात शून्य पूर्णांक एक मिलिलिटर सोडला. जास्त विषाणू सोडला तर जास्त पीक मिळेल, असा माझा समज होता. ३५ अंशांवर ४८ तास ठेवून, रात्रभर थंड करून द्रव काढला. विषाणूचे एकूण कण किती आहेत याचा अंदाज देणारी कोंबडीच्या रक्तपेशींच्या गुठळीकरणाची चाचणी १:१०२४ इतक्या पातळ केलेल्या द्रवापर्यंत सकारात्मक आली, त्यामुळे साठा उत्तम झाला असे मानून ऐंशी कुप्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या.

हा समज किती महागात पडला, ते २२ ऑगस्टच्या नोंदीत आहे.

२४ जुलै २०२३

पिल्लांच्या कानाच्या तुकड्यांतून डीएनए काढून जनुक-तपासणी सुरू केली. नववा ते अकरावा एक्सॉन असलेल्या भागातील एकच प्रायमर-जोडी (पीसीआर या अभिक्रियेत डीएनएच्या कोणत्या भागाच्या प्रती काढायच्या, ते ठरवणारे दोन आखूड तुकडे) मी मागवली होती : पट्टी आली तर कार्यक्षम जनुक, पट्टी नाही तर गळलेले. पहिल्याच फेरीत अठरापैकी अकरा पिल्ले ‘जनुक नसलेली’ निघाली. दोन्ही पालक शुद्ध कार्यक्षम असताना हे शक्यच नव्हते. कारण शोधताना आढळले की डीएनए काढताना केस आणि क्षार शिल्लक राहिल्यामुळे पीसीआर अनेक नळ्यांत चाललाच नव्हता. पट्टी न येण्याचा अर्थ ‘जनुक नाही’ असाही होतो आणि ‘अभिक्रिया झाली नाही’ असाही. दोन्हींत भेद करायचे साधन माझ्याकडे नव्हते.

दुरुस्ती : गळलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना बसणारी दुसरी जोडी आणि दोन्ही प्रकारांत सारख्याच असलेल्या एका असंबद्ध जनुकाची तिसरी जोडी मागवली. आता प्रत्येक नळीत किमान एक पट्टी यायलाच हवी. ती न आल्यास तो निकाल बाद. तीन आठवडे गेले, खर्च फक्त अठराशे रुपये.

११ ऑगस्ट २०२३

पहिला संसर्ग. पुरवठादाराकडून मागवलेले आठ ब्लॅक-६ उंदीर आणि आमच्याकडे वाढलेले आठ एमएक्स-१ उंदीर, सर्व माद्या, नऊ आठवड्यांच्या. प्रत्येकीला केटामिन-झायलाझिनची भूल देऊन नाकातून ४० मायक्रोलिटरमध्ये ५०० प्लाक-एककांची (म्हणजे पेशींना प्रत्यक्ष संसर्ग करू शकणाऱ्या ५०० कणांची) मात्रा दिली.

भुलेविषयी एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. पहिल्या चार उंदरांना मी पुरेशी खोल भूल येण्याआधीच थेंब दिले आणि त्यातील दोघांनी ते शिंकून बाहेर टाकले. पायाची बोटे चिमटल्यावर हालचाल पूर्ण थांबेपर्यंत आणि श्वास संथ व खोल होईपर्यंत वाट पाहावी. उथळ भुलेत विषाणू नाकातच अडकतो, फुप्फुसात पोहोचत नाही. डोळ्यांना मलम लावणे आणि शुद्धीवर येईपर्यंत उबदार गादीवर ठेवणे विसरू नये.

२२ ऑगस्ट २०२३

अकरा दिवस झाले आणि एकही उंदीर आजारी पडला नाही. ज्यांच्यात एमएक्स-१ नाही, त्यांचेही वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले नाही. दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला एका पिंजऱ्यातील तीन उंदरांचे वजन एका रात्रीत बारा टक्क्यांनी उतरले, तेव्हा मला वाटले की आजार उशिरा का होईना दिसू लागला. प्राणीगृहातील मामांनी पिंजरा उचलून पाण्याची बाटली हलवून पाहिली. तिची नळी बुजलेली होती. उंदीर तहानेने वाळत होते. नळी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी वजन पूर्ववत झाले. तेव्हापासून वजनाच्या तक्त्यात ‘बाटली तपासली’ असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय वजन ग्राह्य धरले जात नाही. मामांचे निरीक्षण नसते, तर ती आकडेवारी आम्ही संसर्गाच्या खात्यावर मांडली असती.

मूळ प्रश्न मात्र विषाणूच्या साठ्यात होता. एमडीसीके पेशींवर (कुत्र्याच्या मूत्रपिंडापासूनच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर) पुन्हा मोजल्यावर प्लाक-संख्या प्रतिमिलिलिटर जेमतेम वीस लाख निघाली. १:१०२४ गुठळीकरण दाखवणाऱ्या साठ्यात ती त्याच्या शंभरपट तरी असायला हवी होती. याचा अर्थ कण भरपूर, पण त्यांतील बहुतेक अपुऱ्या जनुकसंचाचे. खूप दाट विषाणू अंड्यात सोडल्यावर असे सदोष कण वाढतात, हे डॅनिश संशोधक फॉन मॅग्नस यांनी सत्तर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे आणि या घटनेला त्यांचेच नाव आहे. पीबी-२ या जनुकखंडाचा पीसीआर केल्यावर पूर्ण लांबीच्या पट्टीखाली आखूड पट्ट्यांची रांग दिसली, तेव्हा शंका उरली नाही.

हे सदोष कण निरुपद्रवी नसतात. ते निरोगी विषाणूच्या वाढीत अडथळा आणतात आणि इंटरफेरॉन जोरात चेतवतात. इंटरफेरॉनशिवाय जे बनतच नाही, अशा प्रथिनाचा अभ्यास करताना साठ्यातच इंटरफेरॉन चेतवणारी भेसळ असणे, याहून मोठी चूक दुसरी नसेल. मात्रा मी प्लाक-एककांत ठरवल्यामुळे ५०० एककांसोबत प्रत्येक उंदराला सदोष कणांचा फार मोठा लोंढा मिळाला. उलट चित्रही तितकेच शक्य होते : एमएक्स-१ असलेले उंदीर अवाजवी सुरक्षित दिसले असते आणि आम्ही तो निकाल खरा मानून पुढे गेलो असतो.

सोळा उंदीर वाया गेले. पैशांपेक्षा हे मनाला अधिक लागले आहे.

२९ ऑगस्ट २०२३

गटबैठकीत सरांनी विचारले, “मागवलेले ब्लॅक-६ कोणत्या उपवंशाचे आहेत?” मी बिल काढून पाहिले : ‘एन’ उपवंश. आमचे एमएक्स-१ उंदीर ‘जे’ पार्श्वभूमीवरचे आहेत. ‘जे’ उपवंशात एनएनटी हे मायटोकॉन्ड्रियातील प्रथिन बनवणारे जनुक निकामी आहे, ‘एन’ मध्ये ते शाबूत आहे. शिवाय दोन वेगळ्या प्राणीगृहांत वाढलेल्या उंदरांच्या आतड्यांतील जिवाणूही वेगळे असतात आणि त्यांचा फुप्फुसातील इंटरफेरॉन-प्रतिसादावर परिणाम होतो. साठा निर्दोष असता, तरी त्या प्रयोगातील फरक एमएक्स-१ मुळेच आहे असे म्हणता आले नसते.

नवी योजना अशी : एमएक्स-१ उंदरांचे ‘जे’ उपवंशाशी प्रजनन करून संकर मिळवायचे आणि त्या संकरांचे पुन्हा ‘जे’शी प्रजनन करायचे. एकाच आईच्या एकाच वेतातील निम्म्या पिल्लांत जनुकाची एक कार्यक्षम प्रत येईल, निम्म्यांत एकही नाही. प्रतिकार प्रभावी असल्यामुळे एक प्रत पुरते. सख्खी भावंडे एकाच पिंजऱ्यात वाढतील आणि संसर्ग देणाऱ्याला व वजन करणाऱ्याला कोणते पिल्लू कोणते, हे शेवटपर्यंत कळणार नाही. या मार्गाने पहिला प्रयोग फेब्रुवारीच्या आधी होत नाही. सुधारित प्रस्ताव समितीकडे पाठवला.

१४ सप्टेंबर २०२३

नवा साठा. या वेळी जुना विषाणू दहा हजार ते लाखपट पातळ करून अंड्यांत सोडला. गुठळीकरण १:५१२, म्हणजे आधीपेक्षा कमी; प्लाक-संख्या मात्र प्रतिमिलिलिटर तीस कोटी. आखूड पट्ट्या जवळपास नाहीशा झाल्या. साठ्याची गुणवत्ता गुठळीकरणाच्या एकट्या आकड्यावरून ठरवू नये; दोन आकड्यांचे गुणोत्तर पाहावे.

१९ ऑक्टोबर २०२३

प्रजनन चालू असताना पेशींवरील काम हाती घेतले. उंदरांच्या फुप्फुसांतील तंतुपेशी वाढवून त्यांना इंटरफेरॉन दिले आणि एमएक्स-१ दिसते का ते पाहिले. या महिन्यात तीन गोष्टी चुकल्या.

पहिल्या फेरीत काहीच दिसले नाही, कारण फ्रीजरमधून मी इंटरफेरॉन-गॅमाची कुपी काढली होती. एमएक्स-१ चेतवतात ती पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारची इंटरफेरॉन्स. गॅमा हे दुसऱ्या प्रकारचे आहे. शिवाय तंतुपेशींवर तिसऱ्या प्रकाराची ग्राहके (इंटरफेरॉनचा निरोप घेणारी प्रथिने) नसल्यासारखीच असतात, म्हणून तिथे पहिल्या प्रकारचे अल्फा किंवा बीटाच वापरावे लागते.

दुसरी चूक प्रतिपिंडाची. एमएक्स-१ चे माणसातील भावंड असलेल्या एमएक्स-ए या प्रथिनाला ओळखून चिकटणारे प्रतिपिंड प्रयोगशाळेत पडून होते, ते वापरले. कार्यक्षम आणि गळलेल्या, दोन्ही जनुकांच्या पेशींत त्याने सारखीच पट्टी दाखवली; ती पट्टी भलत्याच प्रथिनाची होती. उंदराच्या प्रथिनासाठी खात्री केलेले प्रतिपिंड मागवायला ४६ हजार रुपये आणि सात आठवडे लागले. ते आल्यावर ७२ किलोडाल्टनला (एमएक्स-१ च्या अपेक्षित आकारमानाला) एकच स्पष्ट पट्टी फक्त कार्यक्षम पेशींत दिसली आणि सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात बारीक ठिपके चमकले. मानवी एमएक्स-ए पेशीद्रवात असते, उंदराचे एमएक्स-१ केंद्रकात. इन्फ्लुएन्झाचे जनुक-प्रतिलेखन केंद्रकातच होत असल्यामुळे ते तिथेच अडवले जाते. ते ठिपके पहिल्यांदा पाहिले, त्या संध्याकाळी घरी जायला बराच उशीर झाला. (प्रतिपिंड डिसेंबरात आल्यामुळे हा परिच्छेद नंतर जोडला आहे.)

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. आरएनए मोजण्यासाठी वापरलेले प्रायमर जनुकाच्या सुरुवातीच्या भागातील होते. ब्लॅक-६ पेशींतही इंटरफेरॉननंतर एमएक्स-१ चा आरएनए वाढलेला दिसला, कारण गळलेल्या जनुकापासूनही अपुरा आरएनए बनतो, जरी त्याचे प्रमाण बरेच कमी असते. इंटरफेरॉन पोहोचल्याची खूण म्हणून तो आकडा वापरायला हरकत नाही, परंतु ‘एमएक्स-१ वाढले, म्हणून संरक्षण मिळाले’ असा निष्कर्ष ब्लॅक-६ उंदरांत काढता येत नाही. आरएनए दिसला तरी तिथे कार्यक्षम प्रथिन नसते.

८ डिसेंबर २०२३

एक मूलभूत अडचण गेले कित्येक आठवडे डोक्यात घोळत आहे. एमएक्स-१ असलेल्या उंदरांत दाहाची द्रव्ये कमी आढळली, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, हे प्रथिन प्रतिकार-प्रतिसादालाच आवर घालते. दोन, विषाणूच कमी असल्यामुळे प्रतिसादाला कारण कमी मिळते. संसर्गाच्या एका प्रयोगातून या दोन्हींत निवड करता येत नाही आणि ‘प्रथिनामुळे प्रतिसाद घटला’ असे नुसते लिहिणे वाचकाची दिशाभूल करणारे ठरेल.

त्यात आणखी एक गुंता आहे. इंटरफेरॉनच्या ग्राहकांची जनुके, आयएफएनएआर-१ व २ आणि तिसऱ्या प्रकाराच्या ग्राहकाचा एक भाग बनवणारे आयएल-१०आरबी, उंदरात याच सोळाव्या गुणसूत्रावर, एमएक्स-१ पासून फार दूर नसलेल्या जागी आहेत. ए२जीचे एमएक्स-१ आणताना शेजारचा पट्टाही सोबत आला असेल, तर भावंडांची तुलनाही हा दोष दूर करू शकत नाही, कारण तो पट्टा जनुकासोबतच वारसाने जातो.

म्हणून एमएक्स-१ ज्याला अडवू शकत नाही असे एखादे चेतवण लागेल. सेंडाई हा विषाणू पेशीद्रवात वाढतो, त्यामुळे केंद्रकातील एमएक्स-१ चा त्याच्यावर परिणाम होत नाही. तो उंदरांना द्यावा, असे मी प्राणीगृहाच्या पशुवैद्यक मॅडमना सुचवले. त्यांनी स्पष्ट नकार दिला : सेंडाई हा उंदरांचा नैसर्गिक, अतिशय संसर्गजन्य रोगकारक आहे आणि एका पिंजऱ्यातून तो संपूर्ण प्राणीगृहात पसरू शकतो. त्यांचे म्हणणे पूर्ण योग्य होते आणि ते मला आधीच ठाऊक असायला हवे होते. सेंडाई फक्त पेशींवर, वेगळ्या इमारतीतील कक्षात. उंदरांना त्याऐवजी पॉली-आयसी हा कृत्रिम दुहेरी आरएनए द्यायचा, असे ठरले.

पेशींतील निकाल आज आला. सेंडाईनंतर इंटरफेरॉन-बीटा आणि त्यामुळे चेतणारे आयएसजी-१५ हे जनुक दोन्ही प्रकारच्या पेशींत सारखेच वाढले.

९ जानेवारी २०२४

रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि उणे ८० चा फ्रीजर सकाळी उणे १८ वर सापडला. विषाणूच्या कुप्या पुन्हा मोजल्या : तीस कोटींवरून सुमारे चार कोटी. साठा टाकून दिला नाही, पण सर्व मात्रा नव्या आकड्यावरून काढल्या. निम्म्या कुप्या आता शेजारच्या विभागाच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आहेत, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

१२ फेब्रुवारी २०२४

मात्रा ठरवण्यासाठी प्रत्येक मात्रेला तीनच उंदीर, तेही एमएक्स-१ नसलेले : ५०, २०० आणि १००० प्लाक-एकके. समितीने घालून दिलेली मर्यादा २० टक्के वजनघट ही आहे. ती गाठल्यावर उंदराला वेदनारहित मरण द्यायचे. २०० एककांवर सातव्या-आठव्या दिवसापर्यंत तिघेही त्या मर्यादेपाशी पोहोचले. हीच मात्रा निवडली.

पीआर-८ हे एकच नाव धारण करणारे साठे जगात अनेक आहेत आणि त्यांची तीव्रता सारखी नाही. त्यांतील एक अतिवेगाने वाढणारा प्रकार एमएक्स-१ असलेल्या उंदरांनाही मारतो, कारण इंटरफेरॉन येऊन प्रथिन बनण्याआधीच तो पुष्कळ वाढलेला असतो. त्या उंदरांना इंटरफेरॉन आधी दिले, तर ते वाचतात. म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेची मात्रा आकडा पाहून उचलू नये.

४ मार्च २०२४

मुख्य प्रयोग. (निकालांचा भाग नंतर जोडला आहे.) एकूण बावीस भावंडे, अकरा-अकरा. जनुकांची यादी सहकाऱ्याच्या कुलूपबंद कपाटात. तिसऱ्या दिवशी प्रत्येकी पाचांची फुप्फुसे काढली, उरलेल्या सहा-सहांचे वजन पंधरा दिवस घेतले.

यादी उघडली तेव्हा चित्र स्वच्छ होते. एमएक्स-१ नसलेल्या सहांपैकी पाच मर्यादेपर्यंत घसरले. एमएक्स-१ असलेल्यांपैकी एकही नाही. तिसऱ्या दिवशी फुप्फुसातील विषाणू एमएक्स-१ असलेल्यांत सुमारे शंभरपट कमी. आयएल-६ व सीएक्ससीएल-१० ही दाहाची द्रव्ये आणि श्वासनलिका धुऊन मिळालेल्या द्रवातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, हे सर्व त्यांच्यात कमी. प्लाक चाचणीच्या एका संचात आगर जास्त गरम ओतल्यामुळे पेशी भाजल्या आणि तो संच पुन्हा करावा लागला. ४२ अंशांवर थंड झाल्याशिवाय आगर ओतू नये, हे मी स्वतः इतरांना शिकवते आणि तरीही घाईत विसरले.

२१ मार्च २०२४

पॉली-आयसीचा निकाल. विषाणू नसताना, नाकातून दिलेल्या सारख्याच मात्रेनंतर इंटरफेरॉन-बीटा, सीएक्ससीएल-१० आणि इंटरफेरॉनने चेतणारी आयएसजी-१५ व आयएफआयटी-१ ही जनुके दोन्ही भावंडांत जवळपास सारखे. म्हणजे इंटरफेरॉन बनवण्याची आणि त्याला उत्तर देण्याची यंत्रणा दोन्हींत तुल्य आहे. सोबत आलेल्या शेजारच्या पट्ट्याने ग्राहकांत मोजण्याजोगा फरक केलेला दिसत नाही. प्रत्येक गटात सहा उंदीर असल्यामुळे लहान फरक आमच्या नजरेतून सुटू शकतो, हे लक्षात ठेवून मी पुढील वाक्य लिहिते : ४ मार्चच्या प्रयोगातील कमी दाह हा प्रामुख्याने कमी विषाणूचा परिणाम असावा, एमएक्स-१ ने प्रतिसादाला थेट आवर घातल्याचा पुरावा आमच्याकडे नाही.

आणखी एक लहान प्रयोग याच आठवड्यात केला. एमएक्स-१ असलेल्या चौघांना संसर्गाच्या दहा तास आधी नाकातून १ मायक्रोग्रॅम इंटरफेरॉन-लॅम्डा (तिसऱ्या प्रकारचे इंटरफेरॉन) दिले. तिसऱ्या दिवशी तिघांच्या फुप्फुसात प्लाक आढळलेच नाहीत. एमएक्स-१ नसलेल्या भावंडांत हा लाभ फार थोडा होता. लॅम्डाची ग्राहके मुख्यतः श्वसनमार्गाच्या अस्तरपेशींवर असतात आणि विषाणू प्रथम त्यांच्यातच शिरतो. कुपीची किंमत ५२ हजार रुपये असल्यामुळे चारांपेक्षा जास्त उंदीर घेता आले नाहीत, म्हणून या निकालाकडे मी सूचना म्हणूनच पाहते.

१८ एप्रिल २०२४

उरलेला प्रश्न : विषाणू इतका कमी वाढला, तर नंतरचे प्रतिपिंड पुरेसे तयार होतात का? सीरममध्ये ते असतील, तर विषाणूमुळे होणारे रक्तपेशींचे गुठळीकरण थांबते. वाचलेल्या उंदरांचे एकविसाव्या दिवसाचे सीरम पहिल्या वेळी तसेच वापरले आणि संसर्ग न झालेल्या उंदरांच्या सीरमनेही गुठळीकरण रोखले. उंदरांच्या सीरममधील अविशिष्ट रोधक आधी नष्ट करावे लागतात. ग्राहकनाशक विकर घालून ३७ अंशांवर रात्रभर आणि नंतर ५६ अंशांवर अर्धा तास ठेवल्यावर संसर्ग न झालेल्यांची सीरमे शून्यावर आली.

एमएक्स-१ असलेल्या सहांपैकी पाचांत प्रतिपिंड स्पष्ट आहेत, १:४० ते १:१६०. एमएक्स-१ नसलेला एकच उंदीर वाचला होता, त्यामुळे तुलनेला आधार नाही. सहाव्या उंदराच्या सीरममध्ये काहीच नाही. त्याच्या नोंदवहीत ४ मार्चच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘थेंब दिल्यावर एकदा शिंक’ असे लिहिले आहे. पण तेवढ्यावरून त्याला गाळता येणार नाही, कारण गाळण्याचा निकष आम्ही आधी ठरवला नव्हता. मारक नसलेल्या २० प्लाक-एककांच्या मात्रेसाठी, दोन्ही गट जिवंत राहतील अशा प्रयोगाचा सुधारित प्रस्ताव आज समितीकडे दिला आहे आणि त्यात हा निकष लेखी आहे : भूल उतरण्याआधी शिंकलेला उंदीर त्याच क्षणी, जनुक न पाहता, प्रयोगाबाहेर.